एका विटेची उंची

॥ श्री सोमेश्वर प्रसन्न ॥

बेलजवळगा, ता. निलंगा, जि. लातूर
५ नोव्हेंबर १९८२

चि. मन्मथ यास,
शांताक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू नांदेडला पोचल्याचं कार्ड मिळालं, पण उस्मानाबाद फिरून आलं. आपला जिल्हा आता लातूर झाला हे सरकारी नोकरीतल्या माणसालाच ठाऊक नसेल तर पोस्टमननं काय करावं? कलेक्टर लातुरात बसले, झेंडा लागला, पेढे वाटले. पाऊस तेवढा जुन्या जिल्ह्यातच राहिला असं तुझे दाजी म्हणतात. परतीच्या पावसानंही इकडे तोंड दाखवलं नाही. ज्वारी वीतभर होऊन पिवळी पडली आहे, तीच कापून बैलांना घालतो आहोत.

तू जीपमधून उतरलास तेव्हा भाऊ साहेब होऊन आला म्हणून मी तबक घेऊन धावले, तर तू हातातली पेटी खाली ठेवीनास. तान्हं लेकरू घेतल्यासारखा धरून उभा. पाणी दिलं तरी प्यायला हात मोकळा नाही. उदगीरच्या शिवप्पांची मुलगी तुला सांगून आली आहे. तिला मी आधीच कळवणार आहे, की बाई, घरात सवत आहे आणि ती बॅटरीवर चालते.

गंमत राहू दे. देवळापुढच्या फरशीवर तू पेटी ठेवलीस, वाकून बघितलंस आणि पिवळ्या रंगाची खूण करून गेलास, तेव्हापासून गावात बोलबाला आहे, की शांताक्काच्या भावानं पाणी बघितलं. शेजारची केवळाबाई तर किती परस खोल लागलं म्हणून विचारायला आली. मी म्हटलं, मला न्हाई ठाऊक बाई. मी हसले, पण हे हसले नाहीत. आपली विहीर सात परस, सात माणसं उभी मावतील एवढी खोल, आणि तळाला दोन घागरी पाणी. यांना तुझ्या पेटीची आशा लागून राहिली आहे. तेव्हा जे खरं ते लिही.

तब्येतीला जप. मायेत अंतर देऊ नकोस.
तुझी,
शांताक्का


विष्णुपुरी, नांदेड
२४ नोव्हेंबर १९८२

ती. सौ. अक्काच्या चरणी,
मन्मथचा शरणार्थ, वि. वि.

पत्र मिळालं. या वेळी पत्ता नीट घातला आहे, पाहून घे. उदगीरच्या मुलीला काही कळवू नकोस. मला फिरतीची नोकरी आहे आणि सध्या लग्नाला सवड नाही.

दाजींचा गैरसमज आधी दूर कर. या पेटीला पाणी दिसत नाही. तिच्यात एक स्प्रिंग आहे आणि तिला टांगलेलं इवलंसं वजन. जमिनीची ओढ जिथे जास्त, तिथे ते केसभर खाली येतं, कमी असेल तिथे वर जातं. पोटात जड खडक असला की ओढ जास्त, हलका असला की कमी. अशा शेकडो ठिकाणच्या ओढी मांडून आमचे हैदराबादचे डॉक्टरसाहेब आपल्या काळ्या पाषाणाच्याही खाली, कोसन्‌कोस खोल, पृथ्वीच्या पोटात काय आहे ते ताडतात. तिथवर माणूस कधी जायचा नाही, म्हणून हा खटाटोप. तिथे काही हळूहळू सरकतं आहे का, हे बघायला त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा मोजावं लागतं. तुमच्या देवळापुढची फरशी ही त्यातलीच एक जागा. दाजींना माझा निरोप सांग, की ती फरशी जपा. तिच्यावर गुरं बांधू देऊ नका, रंग उडू देऊ नका. गावात एवढं काम मी दुसऱ्या कोणाला सांगितलं नसतं.

इथे विष्णुपुरीला धरणाचं काम चाललं आहे. गोदावरीच्या कोरड्या पात्रात उभं राहून आम्ही मोजतो. पाणी साठण्याआधीचे आकडे साहेबांना हवे आहेत. पाणी येणार याची इतकी खात्री बाळगणारी माणसं मी यंदा इथेच पाहिली.

दाजींना शरणार्थ. कृपा आहेच, ती वाढती असावी.
तुझा,
मन्मथ


॥ श्री सोमेश्वर प्रसन्न ॥

बेलजवळगा
२० जानेवारी १९८३

चि. मन्मथ यास,
शांताक्काचे आशीर्वाद, वि. वि.

संक्रांत झाली. वाणात यंदा बोरं नव्हती, ऊस नव्हता, नुसते हरभऱ्याचे दाणे वाटले. तिळगूळ पाठवते आहे, गोड मानून घे.

यांनी विहिरीवर यारी बसवली आहे. सुरुंग लावायचे, दगड फुटला की यारीनं वर ओढायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गडी मिळत नाहीत, सगळे रोजगार हमीच्या सडकेवर आहेत, म्हणून हे स्वतः उतरतात. गेल्या सोमवारी वरून दगडाचा चिपा सुटून खांद्यावर बसला. हात वर होत नाही, तरी मला सांगितलं, काय बी झालं न्हाई. मी विहिरीच्या काठावर बसून राहते. सुरुंग उडाला, हे पुन्हा खाली उतरले आणि यांचा आवाज यायला जरा वेळ लागला, की मी वाकून हाका मारत सुटते.

संगप्पा भावजींनी, म्हणजे यांच्या चुलतभावानं, एक तोड सुचवली आहे. पाडव्याला सगळ्यांचे वर्षाचे करार होतात तेव्हा रान त्यांना बटईनं, पिकाच्या वाट्यावर कसायला द्यायचं. विहीर ते त्यांच्या खर्चानं खोल करतील, आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे पाणी लागलं तर पहिली तीन वर्षं ते त्यांचं. यांना ते ऐकवतही नाही. माझ्या वडिलांची विहीर, दुसऱ्यानं पाणी काढायचं अन्‌ मी काठावरून बघायचं, असं म्हणून यांनी पान सारलं.

पाणाड्या आला होता, तळहातावर नारळ घेऊन. सगळ्या गावानं आपली रानं दाखवली. यांनी त्याला दारातून परत लावलं. आमच्या घरात शास्त्र शिकलेला माणूस आहे म्हणाले. मन्मथा, मला पाणी नको आणि काही नको, हा माणूस विहिरीतून वर आलेला हवा आहे. आहे म्हण नाहीतर नाही म्हण, पण काहीतरी म्हण. तुझ्याशिवाय हे कोणाचं ऐकायचे नाहीत.

तुझी,
शांताक्का


किनवट
६ फेब्रुवारी १९८३

ती. सौ. अक्काच्या चरणी,
मन्मथचा शरणार्थ, वि. वि.

तिळगूळ मिळाला. जीपच्या ड्रायव्हरनं अर्धा खाल्ला.

मला किनवटच्या जंगलात पाठवलं आहे. आश्रमशाळेच्या वसतिगृहात मुक्काम आहे. सागाची पानं गळून गेली आहेत आणि जंगलात लांबवरचं दिसतं. तुझं पत्र वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही. दाजींना विहिरीतून वर काढायला मी काय वाटेल ते करीन, पण यंत्र जे सांगत नाही ते त्याच्या नावावर कसं सांगू? नाही म्हणून लिहिलं आणि पुढे पाणी निघालं तर? आहे म्हणून लिहिलं आणि दाजींना खाली काही झालं तर? तुला राग येईल, पण मला दोन्ही लिहिता येत नाही.

मार्चमध्ये बेलजवळग्याला पुन्हा मोजायचं आहे. मी इथेच अडकलो आहे, म्हणून माझा सोबती शिवमूर्ती येईल. सोलापूरचा आहे, आपल्यातलाच, त्याला जेवू घाल. तोवर दाजींना हातापाया पडून थांबव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
मन्मथ


॥ श्री सोमेश्वर प्रसन्न ॥

बेलजवळगा
२० फेब्रुवारी १९८३

चि. मन्मथ यास,
माणिकप्पाचे आशीर्वाद.

पत्र लिहायची मला सवय नाही. अक्का लिहिते तेच माझं समजत जा. पण या खेपेला आपण लिहावं असं वाटलं.

तुझं किनवटचं पत्र वाचलं. खोटं लिहिणार नाही म्हणालास, बरं वाटलं. तुझे वडील गेले तेव्हा तू चौथीत होतास. तुला सायकलच्या दांडीवर बसवून निलंग्याच्या शाळेत नेताना माझ्या मनात एकच होतं, की हे पोरगं शिकावं आणि त्याच्या शब्दावर चार माणसांनी चालावं. आता त्या चार माणसांत मीच पहिला आहे.

शिवरात्रीपासून काम थांबवलं आहे. तुझा माणूस मोजून गेला की जे दिसेल ते कळव. खोदा म्हणालास तर पाडव्यानंतर पुन्हा उतरेन. थांबा म्हणालास तर रान संगप्पाला देईन, अवाक्षर काढणार नाही.

फरशीची काळजी करू नको. तिची चांगली व्यवस्था लावली आहे. आता तिला कोणाचा पाय लागत नाही.

कळावे, लोभ आहेच.
माणिकप्पा


नांदेड
२८ मार्च १९८३

ती. दाजी व ती. सौ. अक्का यांच्या चरणी,
मन्मथचा शरणार्थ, वि. वि.

शिवमूर्ती मोजून आला. अक्काच्या हातच्या शेंगाचटणीचं कौतुक त्यानं सगळ्या कॅम्पला ऐकवलं.

दाजी, आता मुद्द्याचं लिहितो. बेलजवळग्याला ओढ पहिल्यापेक्षा कमी भरली. औसा, निलंगा, किल्लारी, सगळीकडचे आकडे जिथल्या तिथे आहेत. फरक फक्त तुमच्या गावात आहे. आम्ही हिशेब पुन्हा करून पाहिला. पृथ्वीच्या खोल पोटातलं काही असेल का, असं मी डॉक्टरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, पाच महिन्यांत तिथे काही हलत नाही. गावाखाली जो मांजऱ्या खडक आहे, भोकाभोकांचा, त्यातलं पाणी निथळून गेलं असेल, कदाचित. पाणी गेलं की जमीन तेवढी हलकी होते. कदाचित हा शब्द साहेब जेवण झालं का विचारलं तरी लावतात, त्याला फार अर्थ नाही.

या यंत्राला पाणी दिसत नाही असं मी लिहिलं होतं. असलेलं दिसत नाही हे खरं, पण गेलेलं मात्र दिसलं. जेवढं गेलं त्यावरून तुमच्या विहिरीखाली आणखी कित्येक परस काही उरलेलं नसावं. दाजी, खोदू नका. हे लिहिताना मला रडू येतं आहे, पण तुम्ही वर याल याचा आनंदही होतो आहे. लातुरात मडिवाळप्पामामांचं भुसाराचं दुकान आहे, ते तुम्हाला सांभाळून घेतील. चांगला पाऊस झाला की परत या.

दोघांची कृपा असावी.
मन्मथ


॥ श्री सोमेश्वर प्रसन्न ॥

लातूर
१० मे १९८३

चि. मन्मथ यास,
शांताक्काचे आशीर्वाद, वि. वि.

गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत एक खोली मिळाली आहे. पाडव्याला रान संगप्पा भावजींना दिलं. यांनी बोलल्याप्रमाणे अवाक्षर काढलं नाही. बैल उदगीरच्या बाजारात नेले, तेव्हा मी घरातून बाहेर आले नाही.

लातुरात जिकडे बघावं तिकडे जिल्ह्याची बांधकामं चालली आहेत. हे मामांच्या दुकानात पोत्यांची तोंडं दाभणानं शिवतात. संध्याकाळी बोटांना तेल लावून देते. बोलत नाहीत फारसं, पण जिवंत आहेत, समोर बसून जेवतात. मला एवढं पुष्कळ झालं, आणि ते तुझ्यामुळे झालं.

निघताना आम्ही देवळात गेलो, तुझ्या फरशीला भस्म लावून बेल वाहिला. शिवरात्रीनंतर तू ती पाहिली नाहीस म्हणून सांगते. आधी ती जमिनीसरशी होती, येणाराजाणारा पाय देई, शेळ्या बसत. तू जपा म्हणालास ते यांनी फार मनावर घेतलं. शिवरात्रीला चौघांनी मिळून ती अलगद उचलली, खाली विटांचा एक थर दिला, चुन्यात बसवली आणि पाणसळ लावून होती तिथेच सपाट ठेवली. रंगाचा टवकाही उडाला नाही. सासूबाईंच्या समाधीच्या विटा उरल्या होत्या, त्यांना यांनी आजवर कोणाला हात लावू दिला नव्हता. त्या तुझ्या फरशीला लागल्या. तुझा शिवमूर्तीसुद्धा म्हणाला, की अशी देखणी जागा कुठे मिळाली नाही.

उदगीरची मुलगी अजून थांबली आहे. विचार कर.
तुझी,
शांताक्का


नांदेड
१८ मे १९८३

ती. सौ. अक्काच्या चरणी,
मन्मथचा शरणार्थ.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. फार वाईट झालं आहे, अक्का.

माणूस जसजसा उंच जातो तसतशी जमिनीची ओढ कमी होते. आमच्या यंत्राला जिन्याच्या एका पायरीचाही फरक कळतो. शिवमूर्तीनं आणलेला आकडा घेऊन बसलो आणि तो किती उंचीचा होतो ते काढलं. एका विटेचा आणि चुन्याच्या थराचा निघाला. त्यात पाण्याचा वाटा काहीच उरत नाही. आधीची फरशी शिवमूर्तीनं पाहिली नव्हती, आणि ज्यानं पाहिली होती तो मी किनवटला होतो.

विहिरीत पाणी आहे की नाही, हे मला आजही माहीत नाही. पण नाही म्हणून जे मी लिहिलं, त्याला आता काडीचा आधार नाही. तुम्ही माझ्या एका पत्रावर घर सोडलंत. संगप्पाकाकांकडे शब्द परत मागता येईल का बघ. मी महिनाअखेरीला लातूरला येतो आणि दाजींना विटेचं सगळं समोर बसून सांगतो. त्यांनी दोन थोबाडीत दिल्या तरी चालतील.

मन्मथ


लातूर
२६ मे १९८३

चि. मन्मथ यास,
शांताक्काचे आशीर्वाद.

तू येऊ नकोस. तुझं पत्र आलं तेव्हा हे दुकानात होते, ही सोमेश्वराची कृपा. वाचून मी ते चुलीत घातलं.

शब्द परत मागायची वेळ गेली. संगप्पा भावजींनी दोनच सुरुंग घेतले आणि विहिरीला पाणी लागलं. मांजऱ्यातनं उसळलं, छातीएवढं चढलं म्हणतात. तीन वर्षं ते त्यांचं. ते माणूस वाईट नाहीत. पहिल्या पाण्याची कळशी त्यांनी तोंडाला फडकं बांधून एसटीच्या कंडक्टरबरोबर इथे पाठवली. मालकाचा मान म्हणून.

यांनी त्या पाण्यानं इष्टलिंगाची पूजा केली. उरलेलं मला दिलं, स्वतः प्याले नाहीत. मग भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, सायकलवर बसवून शिकवलेल्या पोरानं मला माझ्या रानातनं उठवलं. तुझ्या पेटीला आणि तुला पुष्कळ बोलले. इतकं बोलताना मी त्यांना लग्नापासून कधी ऐकलं नव्हतं. मला त्या वेळी बरंच वाटलं, कारण मुकेपणा तरी सुटला.

आता नीट ऐक. विटेचं त्यांना कधी कळता कामा नये. तुझ्यावर रागावून ते जगतील. दुकानात जातील, पोती शिवतील, तुला शिव्या देतील आणि जेवतील. पण आपण मायच्या समाधीच्या विटा स्वतःच्या हातानं रचल्या आणि त्याच विटांनी आपलं रान घालवलं, हे कळलं तर हा माणूस राहायचा नाही. मी त्यांना ओळखते. तू फरशी जपा म्हणाला नसतास तर, असं माझ्या मनात आलं, खोटं कशाला सांगू. पण त्यांनीही मायेनंच केलं आणि तूही मायेनंच लिहिलंस, मी कोणाला बोलू?

म्हणून यांना एक पत्र लिही. यंत्र बिघडलं होतं, चूक माझी झाली, असं लिही. तू खोटं लिहीत नाहीस हे मला ठाऊक आहे. माझ्यासाठी एवढं एकदा लिही. पंचमीला मला न्यायला येऊ नकोस, हे दार उघडणार नाहीत. उदगीरकडे मी नाही म्हणून कळवते आहे, कारण तुझ्या लग्नात यांना बसवल्याशिवाय मला अक्षता टाकता यायच्या नाहीत.

माझं पत्र येणार नाही. तुझंही मला नको. खाऊनपिऊन राहा.
शांताक्का


नांदेड
४ जून १९८३

ती. दाजींच्या चरणी,
मन्मथचा शरणार्थ, वि. वि.

संगप्पाकाकांना पाणी लागल्याचं गावाकडून कळलं. मार्चमध्ये मी तुम्हाला जे लिहिलं ते साफ चुकीचं होतं. इथे तपासणीत यंत्राच्या स्प्रिंगमध्ये दोष निघाला. तो माझ्या लक्षात यायला हवा होता. शिकलेला असून मला तो दिसला नाही आणि तुम्ही माझ्या शब्दावर रान सोडलंत. यात दुसऱ्या कोणाचा दोष नाही. क्षमा मागावी एवढीही माझी लायकी नाही.

माझी बदली हैदराबादला मागून घेतली आहे. पुढची मोजणी दुसरं कोणीतरी करील. देवळापुढच्या फरशीबद्दल साहेबांनी मुद्दाम चौकशी केली. मोजणीच्या एवढ्या जागा झाल्या, पण इतक्या जिव्हाळ्यानं कोणी जपली नाही असं ते म्हणाले. ती तुम्ही ठेवलीत तशीच राहू द्यावी.

तुमचा लोभ मागायला आता मला तोंड नाही. तो अक्कावर असू द्यावा.
आपला,
मन्मथ